आटवण

औसा रोडला, हार्डवेअरच्या दुकानावर, जिना चढून
चौदा टेबलं.
पाटीवरचं नाव फ्रेंच. गावात मात्र
"ते वरचं वाईनवालं".
मुजम्मिल दारातच पाहुण्यांना उच्चार शिकवतो,
मी आत कांदे चिरत ऐकतो.

सकाळी सातला हाडं भाजायला टाकतो,
उस्मानाबादी बोकडाची, नळ्या मधोमध फोडून,
भट्टीत बदामी होईस्तोवर.
मग गाजर, मग सेलरी
(ती पुण्याहून बसच्या डिकीतून येते, मान टाकून),
मग पाणी.

पाणी म्हटलं की हात आखडतो.
आगगाडीनं पाणी आलं त्या साली मी पाँडिचेरीत होतो.
रोज बावीस लिटर स्टॉक गाळायचो,
आणि फोनवर आई सांगायची,
भांडी राखंनं घासायलाव, फडक्यानं पुसायलाव,
तुझं बरं हाय ना?

तिथल्या शेफनं शिकवलं ते एवढंच :
उकळी नको.
पातेल्याच्या कडेला एखादा बुडबुडा
झोपेत कूस बदलल्यासारखा यावा, बास.
आठाचे चार. चाराचं एक.
चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं
तर रेघ तशीच राहिली पाहिजे.
त्याच्याकडे याला भारदस्त नाव होतं.
आपल्याकडे विहीर आटते, म्हैस आटते,
मांजरा आटते,
आणि दूध आटवतात.
एकाच धातूची दोन रूपं.
एक सोसायचं, एक करायचं.

मंगळवारी भूमहून मच्छिंद्रतात्या खवा आणतात,
ॲल्युमिनियमच्या डब्यात, वर ओलं फडकं.
मी त्याचं थंड कस्टर्ड लावतो, वर जाळलेली साखर.
लोक चमच्यानं तिची काच फोडतात
आणि आधी फोटो काढतात.

त्या मंगळवारी त्यांची बस चुकली.
म्हटलं, बसा. तीन नंबर, खिडकीपाशी.
चपला त्यांनी जिन्यातच ठेवल्या.
लाल वाईनमध्ये रात्रभर मुरलेलं मटण,
शेजारी बटाट्याचा लोण्यातला लगदा,
करडईची कोवळी पानं नुसती दाखवलेली आचेला.
भाकरी त्यांनी मागितली नाही. मीच ठेवली.

ग्लास नाकाशी नेला. प्यायले नाहीत.
या वासाला काय काय म्हणायचं
हे शिकायला मला तीन वर्षं लागली होती :
चामडं, तंबाखू, काळी बोरं.
मेनूवर तेच छापलंय.
तात्या म्हणाले, "गुऱ्हाळातल्या काहिलीची कड.
पाक उतरून घेतल्यावर जी करपती ना, ती."

मग सॉसमध्ये बोट बुडवलं. चमचा नाही, बोटच.
जिभेवर ठेवून बराच वेळ खाली पाहत राहिले.
रस्त्यावर टेम्पोत पाइप भरायले होते.
"आटीवलंस चांगलं.
पर शेवटाला जाळ वाढीवलास.
का? गिऱ्हाइक बसलं हुतं?"

बसलं होतं. नऊ नंबरला, डॉक्टर मंडळी, वाढदिवस.
मी टेबलावरचा नसलेला डाग पुसला.
"आमचं बी तसंच हुतंय, डेअरीचा ट्रक दारात हुबा ऱ्हायला की.
खानाऱ्याला काय कळत नाही.
खव्याला कळतंय."

पैसे घ्या म्हणून हट्ट केला त्यांनी,
मी घेतले नाहीत, तर जाताना
खव्याच्या बिलातून बरोब्बर तेवढे वजा करून गेले.

रात्री गर्दी ओसरल्यावर
तव्याच्या तळाला जे धरलं होतं
त्यावर वाईनचा हबका मारला आणि लाकडी उलथन्यानं सोडवलं.
फ्रेंचात यालाही एक शब्द आहे.
आई खरवड म्हणायची,
आणि ती मिळावी म्हणून आम्ही भावंडं
चुलीपाशी ताटकळत बसायचो.

काल शनिवार. पुन्हा नऊ नंबर, पुन्हा घाई.
मुजम्मिल तीनदा आत येऊन गेला, भुवया वर.
म्हटलं, सांग, वेळ लागंल.

ते उठून गेले.
मी आच तशीच ठेवली.
चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं.
रेघ राहिली.